पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड जुळवताना: आधी प्लग, मग १२ व्होल्टचे अँपिअर, वॅट शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या संगणकातला ५०० वॅटचा पॉवर सप्लाय हाताशी आहे, त्याला २०+४ पिनांचा मोठा प्लग आहे आणि प्रोसेसरसाठी ४ पिनांचा एकच प्लग आहे. नव्या मदरबोर्डवर मात्र २४ पिनांच्या सॉकेटखेरीज प्रोसेसरजवळ एक ८ पिनांचे आणि एक ४ पिनांचे अशी दोन सॉकेट आहेत. प्रोसेसर कोअर आय५-१२४०० घ्यायचा आहे, ग्राफिक्स कार्ड २०० वॅटचे आहे आणि त्याला ८ पिनांचे एक सॉकेट आहे. हा सप्लाय चालेल का, आणि नाही तर किती वॅटचा घ्यावा?

बहुतेक जण या प्रश्नाची सुरुवात वॅटपासून करतात, आणि माझ्या अनुभवात गडबडही तिथूनच सुरू होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ५०० हा आकडा सप्लायच्या सगळ्या व्होल्टेजची मिळून बेरीज असते. तुमच्या प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला त्या बेरजेतला एकच भाग उपयोगी पडतो, तो म्हणजे १२ व्होल्टचा. म्हणून आधी प्लग पाहू, मग सप्लायच्या अंगावरचे स्टिकर वाचू, आणि वॅटकडे शेवटी येऊ.

मोठ्या प्लगची काळजी नको. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे प्रमाण, म्हणजे मदरबोर्ड, सप्लाय आणि कॅबिनेट एकमेकांना जुळावेत यासाठीचे ठरलेले नियम, आणले तेव्हा हा प्लग २० पिनांचा होता. २००३ मध्ये त्यात आणखी चार पिना आल्या. या चार म्हणजे काही नवे व्होल्टेज नव्हे: ३.३, ५ आणि १२ व्होल्टची प्रत्येकी एक वायर वाढली आणि जोडीला एक ग्राउंड आली. जुन्या प्लगमध्ये १२ व्होल्टची वायर एकच होती, ती दोन झाली, कारण पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या खाचेतून, ग्राफिक्स कार्ड थेट मदरबोर्डकडूनच वीज ओढू लागले होते. तुमचा २०+४ चा प्लग दोन्ही तुकडे एकत्र धरून बसवला की २४ पिनांच्या सॉकेटला पूर्ण लागतो. तो छोटा तुकडा मात्र विसरू नका. पुष्कळ मदरबोर्ड वीसच पिनांवर सुरू होतात, सगळे ठीक आहे असे वाटते, आणि मग कार्डावर ताण आला की ती एकटी १२ व्होल्टची पिन तापून प्लास्टिक पिवळे पडते. असे पिवळे पडलेले प्लग मी दुरुस्तीत अनेकदा पाहिले आहेत.

खरा मुद्दा प्रोसेसरजवळच्या सॉकेटचा आहे. पूर्वीचे प्रोसेसर मुख्यतः ५ व्होल्टच्या वायरींवर पोसले जात. त्यांची भूक वाढली तसा वायरींमधला प्रवाह फार वाढू लागला, म्हणून २००० च्या सुमारास पेंटियम ४ सोबत ४ पिनांचा स्वतंत्र १२ व्होल्टचा प्लग आला. त्यात दोन पिना १२ व्होल्टच्या आणि दोन ग्राउंडच्या असतात. ८ पिनांचा प्लग सर्व्हरच्या ईपीएस प्रमाणातून घरच्या संगणकात आला. त्यात १२ व्होल्टच्या चार पिना आणि ग्राउंडच्या चार. दोन्हींमधून जाणारी वीज एकाच जातीची आहे, फरक फक्त वाट किती रुंद आहे याचा.

ही रुंदी मोजून पाहू. या जातीच्या एका पिनेवरून साधारण ७ अँपिअर सावधपणे धरले, तर दोन पिनांतून १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट जाऊ शकतात, आणि चार पिनांतून त्याच्या दुप्पट. तुमच्या प्रोसेसरवर ६५ वॅट असे लिहिलेले असले तरी तो आकडा मूळ वेगाचा आहे; इंटेलच्याच तपशिलाप्रमाणे हा प्रोसेसर टर्बो वेगात, म्हणजे काम वाढल्यावर तो स्वतःहून गाठतो त्या वाढीव वेगात, ११७ वॅटपर्यंत जातो. त्यात मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणारे सर्किट) वाया जाणारा भाग मिळवला की प्लगमधून सुमारे १३० वॅट, म्हणजे ११ अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. दोन पिनांत वाटला तर प्रत्येकी साडेपाच अँपिअर. कागदावर हे बसते, आणि ४ पिनांचा प्लग ८ पिनांच्या सॉकेटच्या ज्या अर्ध्या भागात त्याचा आकार जुळतो तिथे बसवून बरेच मदरबोर्ड सुरूही होतात. तरीही मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही. पिना नव्या, घट्ट आणि स्वच्छ असतील असे धरून तो हिशेब केलेला आहे. वर्षानुवर्षे काढघाल झालेल्या प्लगमध्ये पिनेची पकड सैल होते, त्या जागी रोध वाढतो, रोधामुळे उष्णता आणि उष्णतेमुळे पकड आणखी सैल, असे ते चक्र चालते.

दुसऱ्या, ४ पिनांच्या जादा सॉकेटने मात्र घाबरून जाऊ नका. ८+४ किंवा ८+८ अशी रचना मदरबोर्ड बनवणारे सर्वांत मोठ्या प्रोसेसरचा आणि ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापलीकडे पळवणाऱ्यांचा, विचार करून देतात. कोअर आय९-१३९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तर त्या जादा सॉकेटला काही अर्थ आहे. तुमच्या प्रोसेसरला एक ८ पिनांचा प्लग पुरून उरतो आणि बाजूचे ४ पिनांचे सॉकेट रिकामे राहिले तरी काही बिघडत नाही. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये सॉकेटांच्या आकृतीजवळ हे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. ते पान उघडून वाचण्यात पाच मिनिटे जातात, ती घालवावीत.

इथे एक धोका नीट समजून घेणे आवश्यक आहे. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग आणि प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग दिसायला भावाभावांसारखे आहेत, पण आतली मांडणी उलटी आहे. दोन्ही प्लग हातात घेऊन क्लिपची बाजू तुमच्याकडे करा. प्रोसेसरच्या प्लगमध्ये क्लिपच्या बाजूच्या ओळीत १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरी असतात. ग्राफिक्सच्या प्लगमध्ये त्याच ओळीत काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या असतात. चुकीच्या जागी बसला तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतात. पिनांच्या घरांचे आकार, काही चौकोनी आणि काही कोपरे छाटलेले, एवढ्यासाठीच वेगळे ठेवलेले असतात की प्लग भलतीकडे जाऊ नये. परंतु प्लास्टिक मऊ असते आणि माणूस जोर लावतो. प्लग सहज सरकत नसेल तर तो त्या जागेचा नाही असे समजावे. हल्लीच्या सप्लायमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असल्याने रंगावरून ओळखता येत नाही. तेव्हा प्लग कुठे दुभंगतो ते पाहावे. ४+४ असा मधोमध फुटतो तो प्रोसेसरचा, ६+२ असा फुटतो तो ग्राफिक्सचा.

आता सप्लायच्या अंगावरचे स्टिकर. तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून त्या काळातल्या ५०० वॅटच्या सप्लायवर जसे असतात तसे धरतो. तुम्ही त्या जागी तुमचे घाला. समजा ३.३ आणि ५ व्होल्ट मिळून १४५ वॅट लिहिले आहे. १२ व्होल्टच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकी १६ अँपिअर, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत एकत्रित मर्यादा ३३६ वॅट. स्टँडबायचे ५ व्होल्ट २.५ अँपिअर आणि उणे १२ व्होल्ट ०.३ अँपिअर. या सगळ्यांची बेरीज ५०० च्या जवळ जाते आणि खोक्यावर ५०० छापले जाते. पुष्कळ जण १६ आणि १६ मिळवून ३२ अँपिअर धरतात, ते चूक आहे. दोन ओळी म्हणजे एकाच टाकीचे दोन नळ. टाकी ३३६ वॅटची, म्हणजे २८ अँपिअरचीच आहे.

तुमची मागणी मांडून पाहू. प्रोसेसर पूर्ण ताणाखाली १३० वॅट, ग्राफिक्स कार्ड २०० वॅट, पंखे, हार्ड डिस्कची मोटर आणि मदरबोर्डचे किरकोळ मिळून २५ वॅट. ही सगळी मागणी १२ व्होल्टवरची आहे आणि ती ३५५ वॅट होते. हे ३३६ च्या पलीकडे गेले. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की खेळ खेळताना प्रोसेसर आणि कार्ड दोघेही एकाच वेळी शिखरावर क्वचितच असतात. प्रोसेसर बहुधा ७०-८० वॅटवर राहतो आणि बेरीज ३०५ च्या आसपास येते. पण म्हणजे सप्लाय तासन्‌तास मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर चालणार, तोही जुना, ज्याच्या कपॅसिटरांनी कित्येक उन्हाळे उष्णता खाल्ली आहे. शिवाय ग्राफिक्स कार्डाचा २०० हा आकडा सरासरी आहे. सेकंदाच्या अगदी लहान भागासाठी कार्ड त्याच्या कितीतरी वर उसळी मारते. ही उसळी सप्लायच्या संरक्षक सर्किटने पकडली की स्क्रीन काळी होऊन संगणक एकदम बंद पडतो, आणि मालक विंडोज पुन्हा टाकत बसतो. अशी ‘सॉफ्टवेअरची’ तक्रार घेऊन आलेल्या यंत्रांत दोष सप्लायचा निघाल्याची उदाहरणे माझ्याकडे भरपूर आहेत.

जुन्या सप्लायची आणखी एक अडचण स्टिकरवर दिसत नाही. स्वस्त जुन्या रचनेत ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली बांधलेले असतात. एका बाजूला ताण वाढला की दुसरी बाजू वर-खाली होते. ज्या काळात ५ व्होल्टवर बराच भार असे, त्या काळात हे खपून जाई. आजच्या संगणकात जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर आणि ५ व्होल्टवर नाममात्र, अशी एकतर्फी स्थिती असते. अशा वेळी १२ व्होल्ट खाली बसतात आणि ५ व्होल्ट वर चढतात. प्रमाणाप्रमाणे १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. मल्टिमीटर असेल तर ताणाखाली मोजून पाहा: हार्ड डिस्कच्या मोकळ्या चार पिनी प्लगमध्ये पिवळी आणि काळी वायर धरली की १२ व्होल्ट, लाल आणि काळी धरली की ५ व्होल्ट. संगणक नुसता सुरू असताना १२.१ दाखवणारा सप्लाय कार्डावर ताण आल्यावर ११.३ वर बसला, तर तो सप्लाय निवृत्त करावा. चांगल्या नव्या सप्लायमध्ये मूळ वीज १२ व्होल्टची बनते आणि ५ व ३.३ व्होल्ट त्यातून छोट्या डीसी-डीसी सर्किटांनी वेगळे काढले जातात, त्यामुळे ही ओढाताण होत नाही. २०१३ मध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर निष्क्रिय अवस्थेतला भार इतका कमी झाला की काही जुने सप्लाय तेवढ्या कमी भारावर स्थिर राहीनात आणि संगणक झोपेतून उठेनासा झाला. मूळ कारण तेच.

काही जण सप्लाय तपासण्यासाठी मोठ्या प्लगमधली हिरवी वायर तारेच्या तुकड्याने काळ्या वायरीला जोडतात आणि पंखा फिरला की सप्लाय ठीक म्हणतात. या चाचणीचा अर्थ मर्यादित आहे. सप्लायला भिंतीकडून वीज मिळत असेल तोवर जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट कायम असतात. तुम्ही बटण दाबले की मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडकडे ओढतो, सप्लाय सुरू होतो, आणि सगळी व्होल्टेज जागेवर आली की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरीवर ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. त्या इशाऱ्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. तारेच्या तुकड्याने तुम्ही यातली फक्त हिरव्या वायरीची पायरी पार पाडता. भार नसताना पंखा फिरणे यावरून भार पेलण्याबद्दल काहीच कळत नाही. नवीन जोडणीत बटण दाबल्यावर पंखा क्षणभर थरथरून थांबत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट आहे किंवा प्रोसेसरचा प्लग लागलेलाच नाही; तेव्हा लगेच सप्लायला दोष देऊ नये.

मग घ्यावा कोणता? तुमच्या जोडणीसाठी ६०० ते ६५० वॅटचा, ज्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टची एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे जवळजवळ पूर्ण वॅट उतरलेले आहेत, असा. ६५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर १२ व्होल्टपुढे साधारण ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट लिहिलेले आढळते. तुमच्या जुन्या सप्लायच्या जवळजवळ दुप्पट. त्यात ४+४ चा किमान एक आणि ६+२ चे दोन प्लग असावेत. ६५० वॅटचा सप्लाय सतत ६५० वॅट खाईल ही भीती अनाठायी आहे. संगणक जेवढे मागेल तेवढेच तो देतो, आणि भिंतीकडून त्याहून थोडे जास्त घेतो. ते ‘थोडे’ किती, हे ८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड वगैरे शिक्क्यांवरून कळते. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे. व्होल्टेज किती स्थिर आहे किंवा संरक्षण किती चोख आहे, याची हमी तो देत नाही.

२०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० प्रमाणात कार्डाच्या वर सांगितलेल्या उसळ्या पेलण्याची अट स्पष्टपणे घातलेली आहे, म्हणून नवा घेताना त्या किंवा ३.१ प्रमाणाचा मिळत असेल तर तो पसंत करावा. त्याच्यासोबत येणारा १६ पिनांचा ग्राफिक्सचा प्लग तुम्हाला आज लागणार नाही. उद्या लागला तर एवढे लक्षात ठेवा की तो शेवटपर्यंत आत गेला पाहिजे आणि प्लगच्या अगदी मुळाशी वायर वाकवू नये.

अडॅप्टर वापरून भागवावे का, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. सॅटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या प्लगवरून ग्राफिक्सचा ६ पिनांचा प्लग बनवणारे अडॅप्टर सर्रास मिळतात आणि ते मुळीच वापरू नयेत. सॅटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. आणि ६ पिनांच्या ग्राफिक्स सॉकेटला ७५ वॅट मागण्याचा अधिकार आहे. तुमच्या कार्डाचे ८ पिनांचे सॉकेट तर १५० वॅटपर्यंत मागू शकते. मग सॅटाचा प्लग जळतो, आणि कधी कधी आजूबाजूचेही.

वेगळ्या होणाऱ्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर सप्लाय घेतलात तर जुन्या सप्लायच्या केबली लगेच कॅबिनेटमधून बाहेर काढा. केबलीचे मदरबोर्डकडचे टोक प्रमाणबद्ध असते, सप्लायकडचे नसते. हे मी पैसे मोजून शिकलो. पिशवीत पडलेली सॅटाची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला अगदी घट्ट, अगदी क्लिपसह बसली. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट होते, आणि बटण दाबताच दोन हार्ड डिस्क गेल्या. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही मांडणी बदललेली असू शकते. त्या दिवसापासून प्रत्येक सप्लायच्या केबलींना मी चिठ्ठी बांधून ठेवतो.

आकाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साधा एटीएक्स सप्लाय १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, लांबी मात्र मॉडेलनुसार बदलते, म्हणून कॅबिनेटमधली जागा मोजून घ्या. छोट्या कॅबिनेटला लागणारा एसएफएक्स सप्लाय १२५ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याचे प्लग हेच असतात. मदरबोर्ड जर कार्यालयीन वापराच्या तयार संगणकातून काढलेला असेल तर मात्र थांबा: अशा बोर्डांवर कंपनीचे स्वतःचे ६ किंवा १० पिनांचे सॉकेट असू शकते, आणि ते दिसायला ओळखीचे वाटले तरी मांडणी ठाऊक असल्याशिवाय काहीही जोडू नये. १० पिनांचे एक प्रमाणबद्ध सॉकेटही आहे, एटीएक्स १२ व्हीओ नावाचे, ज्यात सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो. त्याला वेगळाच सप्लाय लागतो. तुमच्या बोर्डावर २४ पिना आहेत, तेव्हा हा प्रश्न तुमच्यापुढे नाही.

नवा सप्लाय येईपर्यंत जुना अगदीच निरुपयोगी नाही. कोअर आय५-१२४०० मध्ये प्रोसेसरच्या आतलेच ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड न बसवता, ४ पिनांचा प्लग ८ पिनांच्या सॉकेटच्या योग्य अर्ध्यात लावून, मॅन्युअल तशी मुभा देत असेल तर, तुम्ही बोर्ड सुरू होतो का, रॅम पूर्ण दिसते का, एवढे तपासू शकता आणि विंडोज टाकून ठेवू शकता. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) प्रोसेसरची दीर्घ आणि अल्प मुदतीची वीजमर्यादा दोन्ही ६५ वॅटवर ठेवा. पहिल्या अर्ध्या तासानंतर संगणक बंद करून, भिंतीवरचे बटणही बंद करून, त्या प्लगला बोट लावून पाहा. कोमट असेल तर हरकत नाही, बोट ठेववत नसेल तर तो सप्लाय तिथेच काढून ठेवा.